झाडं नसलेल्या देशातलं घर

आयर्लंडच्या पोस्टकार्डावर हटकून एक घर असतं. पांढरंशुभ्र, बुटकं, लांबुळकं, वर पेंढ्याचं जाड छप्पर आणि मधोमध लाल किंवा हिरवं दार. पाहणाऱ्याला वाटतं, काय सुरेख कल्पना आहे! प्रत्यक्षात हे घर बांधणाऱ्याला कल्पना लढवायला फारसा वावच नव्हता. त्याच्याकडे लाकूड नव्हतं. घर इतकं अरुंद का, छपरात गवतमातीचा थर कशाला, चुलीत काय जळतं, बसायच्या बाकाचा रात्री पलंग का होतो, काहीही विचारा, उत्तर बहुतेक वेळा त्या एकाच अडचणीपाशी येतं.

एकेकाळी या बेटावर ओक आणि पाइनची दाट जंगलं होती. शेतीसाठी ती हजारो वर्षं तुटत आली होती. उरलीसुरली सतराव्या-अठराव्या शतकात जहाजांना, पिंपांना आणि लोखंडाच्या भट्ट्यांना गेली. विसावं शतक उजाडलं तेव्हा देशाच्या जमिनीपैकी जेमतेम एक-दीड टक्क्यावर झाडी उरली होती. जी मोठी झाडं उभी होती ती बहुतेक जमीनदाराच्या आवारात, आणि त्यांना हात लावायची कुळाची छाती नव्हती. मग घराला वासे आणायचे कुठून?

जमिनीखालून.

आयर्लंडचा साधारण सहावा हिस्सा दलदलीचा आहे. तिथे मेलेलं शेवाळ आणि गवत पुरतं कुजत नाही, थरावर थर साचून त्याचं काळं-तपकिरी पीट होतं. तिकडचे लोक त्याला टर्फ म्हणतात. आत हवा पोचत नाही, त्यामुळे हजारो वर्षांपूर्वी आडवे झालेले ओक आणि पाइनचे बुंधे त्यात शाबूत राहिले. ते शोधायची रीत मोठी नामी होती. पहाटे दव पडलेलं असताना माणूस दलदलीवर जायचा. खाली ओंडका असेल तिथलं दव आधी उडतं, तेवढा पट्टा वेगळा दिसतो. मग लांब लोखंडी सळई खुपसून बघायची आणि टणक लागलं की खूण करून ठेवायची. चार हजार वर्षं जुनं लाकूड असं खणून काढून, वाळवून, फोडून घराच्या आढ्याला चढायचं. ओक काळाकुट्ट आणि कणखर. पाइनमध्ये राळ भरपूर, म्हणून त्याच्या ढलप्या दिव्यासारख्या जळत आणि त्याचे तंतू सोलून दोरही वळत.

पण असं लाकूड लांबीला बेताचंच मिळायचं. समोरच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत जेवढी कैची, म्हणजे छपराची तिकोनी लाकडी जोडणी, पोचेल तेवढीच घराची रुंदी, म्हणजे आतून १२ ते १५ फूट. घर वाढवायचं तर लांबीत वाढवायचं. आगगाडीच्या डब्यांसारखी खोलीला खोली जोडत जायची. मध्ये बोळ नाही, एकामागे एक अशा दोन खोल्या नाहीत, आणि शेवटच्या खोलीत जायचं तर मधलीतूनच जायचं. वाढवतानाही शक्यतो पश्चिमेला वाढवायचं नाही, कारण ती बाजू परीलोकांची. पश्चिमेला घर वाढवतो तो देवापेक्षा बलवान असला पाहिजे, अशा अर्थाची म्हणच तिकडे आहे. नवं घर कुठे बांधायचं हे ठरवताना चार कोपऱ्यांवर दगड ठेवून रात्रभर वाट बघत. सकाळी दगड हललेले दिसले तर जागा बदलायची, कारण मग ती परीलोकांच्या वाटेवर येते.

भिंतींसाठी जे पायाखाली असेल ते. पश्चिमेला दगड मुबलक, म्हणून दगडी भिंती. पूर्वेला आणि आग्नेयेला चांगली चिकणमाती, म्हणून मातीच्या. मातीत चिरलेला पेंढा किंवा लव्हाळं मिसळायचं, गुरं घालून किंवा स्वतः नाचून ती तुडवायची, आणि दगडी पायावर थराथराने चढवायची. साचा वगैरे काही नाही. एक थर सुकला की दुसरा, आणि शेवटी फावड्याने बाजू तासून सरळ करायच्या. भिंतीची जाडी दोन फुटांच्या आसपास. अशी भिंत शे-दोनशे वर्षं आरामात टिकते, अट एकच, तिच्या डोक्यावर टोपी हवी आणि अंगावर चुना हवा. चुनखडी भट्टीत भाजून चुनकळी करायची, ती पाण्यात विरवायची आणि दर वर्षी सणासुदीच्या आधी घराला आतबाहेर हात द्यायचा. पांढरेपणा उठून दिसावा म्हणून चुन्यात चिमूटभर नीळ टाकत. हे वाचताना मराठी माणसाला आपल्या आजोळच्या भिंती आठवल्या नाहीत तरच नवल. चुना शोभेपुरता नव्हता. तो भिंतीतली ओल बाहेर पडू देतो. अलीकडे कित्येकांनी या भिंतींना 'पक्कं' करायच्या नादात सिमेंटचा गिलावा केला, ओल आत कोंडली आणि दीडशे पावसाळे सोसलेली भिंत आतून भुसभुशीत झाली.

आता छपराकडे येऊ. या घराची खरी कारागिरी तिथे आहे.

कैच्यांवर आडव्या काठ्या, आणि त्यांवर थेट पेंढा नाही. आधी 'स्क्रॉ'. कुरणावरची गवतमाती मुळांसकट दोन-तीन बोटं जाडीची, घराच्या पाख्याएवढी लांब पट्टी कापून सोलायची, काठीवर सतरंजीसारखी गुंडाळायची आणि खांद्यावरून वर नेऊन उलगडायची. अशा पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून दोरीने खालच्या काठ्यांना शिवून टाकायच्या. शिवायला हातभर लांबीची सुई असते. एक माणूस छपरावर, दुसरा आत. वरच्याने सुई खुपसायची, आतल्याने दोरी काठीला वेढून सुई परत वर द्यायची. या गवतमातीमुळे बारीक लाकडाचा सांगाडा एकसंध होतो, घर उबदार राहतं आणि पेंढा खोचायला धरही मिळतो. ज्या देशात फळ्या परवडत नाहीत तिथे कुरणच उचलून छताला लावायचं, ही युक्ती मला या सगळ्या घरात सर्वांत आवडते.

त्यावर शाकारणी. गहू, ओट, राय यांचा पेंढा, तळ्याकाठचे बोरू, समुद्रकाठच्या वाळूतलं चिवट गवत, हेदरची झुडपं, डोनेगॉलमध्ये लिननसाठी पिकवलेल्या जवसाची ताटं, जिथे जे मिळेल ते. पाखं उतरतं हवं, साधारण ४५ अंशांचं, म्हणजे पाणी पेंढ्यात मुरायच्या आत घरंगळून वळचणीला येतं. पन्हळ नसायची. पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून वळचणच पुढे काढलेली.

पेंढा धरून ठेवायची तऱ्हा मात्र वाऱ्यावर अवलंबून. आतल्या प्रदेशात हेझल किंवा विलोच्या फोकांना पीळ देऊन केसांच्या आकड्यासारखं वाकवत आणि ते पेंढ्यात ठोकत. पूर्वेकडे काही ठिकाणी पेंढ्याच्या मुठी दुबेळक्या हत्याराने जुन्या थरात नुसत्या खुपसून बसवत. अटलांटिकच्या काठावर हे दोन्ही टिकायचं नाही. तिथे अख्ख्या छपरावरून उभ्याआडव्या दोऱ्यांचं जाळं टाकून दोऱ्यांची टोकं भिंतीत बसवलेल्या दगडी खुंट्यांना करकचून बांधत, किंवा त्यांना जड दगड लटकवत.

क्लेअर काउंटीत बनरॅटीच्या किल्ल्याजवळ अशी घरं एकत्र पाहायला मिळतात. त्या संग्रहाची सुरुवातही गमतीशीर आहे. १९६० च्या दशकात शॅनन विमानतळाच्या धावपट्टीच्या जागेवर एक शेतकऱ्याचं घर येत होतं. ते जमीनदोस्त करण्याऐवजी उचलून इथे आणलं आणि पुन्हा उभं केलं. पाठोपाठ आसपासच्या भागांतल्या घरांचे नमुने आले. आईला घेऊन मी तिथे गेलो तेव्हा ती लूप हेडच्या किनारपट्टीवरच्या घरापाशी थबकली. भिंतीतला दगडी खुंटा चाचपला, दोरी ओढून बघितली आणि म्हणाली, "अरे, घराला दावं बांधलंय." त्यापेक्षा नेमकं वर्णन माझ्या वाचनात आलेलं नाही.

शाकारणी एकट्याचं काम नव्हे. घर बांधणं, टर्फ कापणं, कापणी, अशा कामांना शेजारीपाजारी जमत, त्याला 'मेहल' म्हणतात. आपल्याकडच्या इर्जिकीसारखंच: मजुरी नाही, जेवण आणि उद्या तुझ्याकडे मी. जुना पेंढा फेकून देत नसत. वर्षानुवर्षांच्या धुराची काजळी त्यात मुरलेली, त्यामुळे तो बटाट्याच्या शेतात खत म्हणून जायचा. आज अडचण वेगळी आहे. बुटक्या ताटांचे नवे वाण, रासायनिक खतांनी ठिसूळ झालेला पेंढा आणि त्याचा चुरा करणारं कापणीयंत्र, यामुळे शाकारायला सरळ, लांब, अखंड पेंढाच मिळेनासा झालाय.

घराचा आतला आराखडा ढोबळमानाने दोन तऱ्हांचा. पश्चिमेत आणि उत्तरेत दारातून पाऊल टाकलं की सरळ स्वयंपाकघर, आणि चूल पलीकडच्या टोकाच्या भिंतीला. पूर्वेत आणि आग्नेयेत चूल दाराजवळच, मध्ये फक्त एक आडोशाची छोटी भिंत. त्या भिंतीत वीतभर झरोका ठेवलेला असतो, चुलीजवळ बसल्या बसल्या दारात कोण आलंय ते दिसावं म्हणून. पश्चिमेकडच्या घरांना पुष्कळदा समोरासमोर दोन दारं असत. वारा ज्या बाजूने येईल ते लावायचं आणि आडोशाचं उघडं ठेवायचं. चुलीतल्या हवेची ओढ त्यावरच सांभाळली जायची.

दार आडवं कापून दोन भागांत केलेलं. खालचा भाग लावला की कोंबड्या-डुकरं बाहेर आणि रांगणारं पोर आत. वरचा उघडा, म्हणजे उजेड आणि हवा. खिडक्या लहान आणि मोजक्याच, कारण काच महाग. शिवाय घर नीटनेटकं दिसलं तर जमीनदार भाडं वाढवेल ही धास्ती कुळाच्या मनात कायम. १८८१ च्या कायद्याने रास्त खंड आणि ताब्याची हमी मिळेपर्यंत ती निराधारही नव्हती.

वायव्येकडच्या कित्येक घरांत खालच्या टोकाला गुरं बांधलेली असत. एकच छप्पर, एकच दालन, मध्ये फक्त गटाराची चर. गुरांची ऊब माणसांना, माणसांच्या विस्तवाची गुरांना. गाईला विस्तव दिसला तर ती दूध जास्त देते असा समज होता.

आणि विस्तव म्हणजेच घर. चूल ओट्यावर नाही, जमिनीलगत, सपाट फरशीवर. जळण अर्थात टर्फ. वसंतात बाजूला पंखासारखं पातं असलेल्या खास फावड्याने विटांसारखं कापायचं, उभं-आडवं रचून उन्हावाऱ्यात वाळवायचं आणि घराशेजारी गंजी लावायची. टर्फचा जाळ मोठा होत नाही, धग मात्र संथ आणि दीर्घ. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, वर एक प्रार्थना पुटपुटायची आणि सकाळी राख सारून नवं टर्फ ठेवायचं. काही घरांत विस्तव पिढ्यान्‌पिढ्या विझलेला नाही असं अभिमानाने सांगत. नव्या घरातला पहिला विस्तव जुन्या घरातून नेत.

चुलीच्या बाजूला लोखंडी क्रेन असायची, दारासारखी फिरणारी. तिला अडकवलेल्या आकड्यांवर भांडं वर-खाली करून आच कमी-जास्त करायची. भट्टी नव्हती, तरी पाव व्हायचा. 'बॅस्टिबल' नावाच्या सपाट बुडाच्या लोखंडी भांड्यात पीठ ठेवायचं, झाकण लावायचं आणि झाकणावर जळते टर्फचे तुकडे मांडायचे. वरून-खालून आच. एकोणिसाव्या शतकात खायचा सोडा स्वस्त झाला तसा ताक आणि सोडा घातलेला पाव याच भांड्यात रुळला. मिठाचा डबा चुलीशेजारच्या कोनाड्यात, नाहीतर त्या हवेत मिठाचं पाणी व्हायला वेळ लागत नाही.

जुन्या काळी धुरांडंच नव्हतं, धूर दारातून किंवा छपरातल्या भोकातून जाईल तसा जाई. पुढे चुलीवर कुडाचा, मातीने लिंपलेला धुराचा पडदा आला, मग दगडी धुरांडं. धुरामुळेच बसायची बाकं-तिवया बुटक्या. धूर वर तरंगतो, खाली बसलं की डोळे चुरचुरत नाहीत.

तिवईला तीनच पाय. जमीन चोपलेल्या मातीची, खाचखळग्यांची. चार पाय डगमगतात, तीन कधीच नाही. नवी जमीन चोपायला शेजाऱ्यांना नाचायला बोलवत. काही भागांत तर चुलीसमोरच्या फरशीखाली घोड्याची कवटी पुरत, पायांचा ठेका घुमावा म्हणून. सगळं सामान भिंतींना टेकवून ठेवलेलं असे आणि मधली जागा मोकळी. कामाला, नाचाला, आणि कुणी गेलं तर रात्रभर जागायला जमणाऱ्या माणसांनाही तीच जागा. वायव्येकडे टेबलसुद्धा भिंतीला बिजागरीने लावलेलं, जेवण झालं की वर उचलून टाकायचं. गरिबाघरी टेबलच नसायचं. उकडलेल्या बटाट्यांची रोवळी भांड्यावर ठेवायची, पाणी निथळलं की तिच्याभोवती सगळ्यांनी बसायचं.

'सेटल' हे या घराचं सर्वांत हुशार सामान. दिवसा ते उंच पाठीचं लाकडी बाक. रात्री बसायची फळी पुढे ओढली की अख्खी पेटी बिजागरीवर जमिनीकडे उलगडते आणि चार बाजूंनी कठडा असलेला खोलगट बिछाना तयार होतो. आत पेंढ्याची गादी, तिच्यात मुलं दाटीवाटीने झोपत, किंवा आलागेला पाहुणा. बनरॅटीत उघडून ठेवलेला एक सेटल बघून आई म्हणाली, यातून पोर पडायची भीती नाही. म्हाताऱ्यांची सोय वेगळी. वायव्येकडे चुलीशेजारी मागची भिंत थोडी बाहेर ढकलून पलंगापुरता कोनाडा काढत आणि त्याला पडदा लावत. त्याला 'कॅल्याख' म्हणतात. या शब्दाचा अर्थच म्हातारी. घरातली सर्वांत ऊबदार जागा घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला.

खुर्च्यांची बैठक 'सूगॉन'ची, म्हणजे वळलेल्या पेंढ्याच्या दोरीची. आपल्या सुंभाच्या बाजेचंच तंत्र. आणि समोरच्या भिंतीला ड्रेसर, घरच्या बाईच्या अभिमानाची जागा. वरच्या फळ्यांवर ताटं आणि रंगीत ठशांचे वाडगे मांडलेले. ताटं पुष्कळदा पुढे झुकवून ठेवत, म्हणजे काजळी आणि धूळ बसत नाही. खालच्या भागात कधीकधी कोंबड्यांचं खुराडं! हिवाळ्यात उबेने अंडी मिळत राहायची, आणि अंड्यांचा पैसा बहुधा बाईचा. ओल्या जमिनीवर लाकूड कुजतं म्हणून ड्रेसरच्या पायांखाली घसरगाडीसारख्या दोन आडव्या पट्ट्या. त्या कुजल्या की तेवढ्याच बदलायच्या, ड्रेसर तसाच पुढच्या पिढीला.

उजेडासाठी लव्हाळ्याची काडी सोलून चरबीत बुडवायची आणि चिमट्यात तिरपी धरून जाळायची. दारावर १ फेब्रुवारीला विणलेला, संत ब्रिजिडचा लव्हाळ्याचा क्रूस, आगीपासून राखण म्हणून. पेंढ्याच्या छपराखाली उघडी चूल पेटवणाऱ्यांना ती राखण हवीच.

एवढं वाचून ही घरं सगळ्यांना मिळत होती असं समजू नका. पोस्टकार्डावरचं घर बऱ्यापैकी शेतकऱ्याचं. १८४१ च्या जनगणनेत घरांचे चार वर्ग केले होते. चौथा म्हणजे एका खोलीचं मातीचं खोपटं, आणि अशी सुमारे ४ लाख ९१ हजार खोपटी होती, देशातल्या घरांच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. बनरॅटीत भूमिहीन मजुराच्या अशा घराचा नमुना आहे, 'बोहॉन स्कोर'. आत वाकून शिरावं लागतं आणि शिरल्यावर बघायला फारसं काही नसतं. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला. दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. भाडं थकलेल्यांना बाहेर काढून छप्पर पाडून टाकत, म्हणजे परत येऊन राहता येऊ नये. १८५१ ला चौथ्या वर्गाची घरं सुमारे १ लाख ३५ हजार उरली. त्यात राहणाऱ्यांचं सामान संग्रहालयांत फारसं नाही, कारण सामान असं काही नव्हतंच.

पुढचे बदल भराभर सांगता येतात. १८८३ च्या कायद्याने सरकारी खर्चाने मजुरांसाठी स्लेटच्या छपराची पक्की घरं बांधायला सुरुवात झाली. १८९१ ला पश्चिमेच्या गरीब भागांसाठी नेमलेल्या मंडळाने घरं सुधारायला हात घातला, आणि त्यात पहिलं काम गुरांना घराबाहेर काढायचं. ५ नोव्हेंबर १९४६ ला डब्लिनच्या उत्तरेला किल्सॅलहॅन इथे खेड्यांसाठीचा पहिला विजेचा खांब रोवला गेला आणि हळूहळू चुलीभोवतीचं वर्तुळ सुटलं. १९७० नंतर तयार नकाशे घेऊन हजारो कुटुंबांनी नवी घरं बांधली: रुंद, मोठ्या खिडक्यांची, एकामागे एक खोल्या असलेली. आयात लाकूड आणि काँक्रीट असताना १२ फुटांची अट राहतेच कशाला? त्या घरांना आयर्लंडभर म्हणतात 'बंगलो'. आपल्याकडचाच 'बंगला', इंग्रजांबरोबर बोटीत बसून गेलेला.

जुनं घर बहुतेकांनी पाडलं नाही. पेंढ्यावर पत्रा टाकला आणि शेजारी बंगल्यात राहायला गेले. पश्चिमेकडे फिरताना अशा जोड्या जागोजागी दिसतात. पत्र्याच्या घराचं खालचं अर्धं दार अजून शाबूत असतं, त्यावरून डोकावलं तर चुलीची फरशीही दिसते, आणि तिच्यावर रवंथ करत उभ्या असतात गाई.